‘आय लव्ह लूसी’चें शेवटचें पर्व



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं, आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, जुन्या दप्तरांतील रुमाल आणि कसर लागलेल्या बखरी उभ्या राहतात. आज मी ज्या साधनाविषयीं बोलणार आहें, तें यांपैकीं कशांतच मोडत नाहीं. एका लहानशा पेटींत मावणाऱ्या कांहीं चकचकीत तबकड्या, एवढेंच त्याचें रूप. त्या तबकड्यांवर ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकन विनोदी मालिकेचें सहावें व शेवटचें पर्व सांठविलेलें आहे. ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं सीबीएस या संस्थेच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि सहा पर्वांत अर्ध्या अर्ध्या तासाचे १८० भाग होऊन ६ मे १९५७ रोजीं संपली. पुढें २००२ पासून २००७ पर्यंत ती पर्वापर्वानें डीव्हीडीच्या रूपानें विक्रीस आली. ज्या मुलांनीं ती प्रथम आईबापांच्या शेजारीं बसून पाहिली होती, त्यांनींच आजोबा झाल्यावर ती विकत घेऊन नातवंडांस दाखविली.

विनोदी मालिकेंत इतिहास तो कसला, अशी शंका कोणी घेईल. परंतु काय घडलें हें सांगण्यापूर्वीं, घडलें त्यांतलें काय उरलें आणि तेंच कां उरलें, याचा शोध इतिहासाच्या अभ्यासकास घ्यावा लागतो. अमेरिकेंत १९५० च्या सुमारास दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं नाटुकलीं, गाणीं, नकला आणि विनोदी प्रवेश होत. त्यांपैकीं फार मोठा भाग आज कोठेंही नाहीं. मग लूसीचेंच सारें संसारपुराण इतक्या स्वच्छ चित्रांत आपल्यापुढें कां आहे? ती इतरांहून सरस होती म्हणून, हें उत्तर सोपें आहे. पण पुरें नाहीं. तिचें टिकणें हें एका व्यवहाराचें फळ आहे, आणि तो व्यवहार समजून घेणें हेंच आजच्या भाषणाचें प्रयोजन आहे.

प्रथम मालिकेची ओळख करून देतों. न्यूयॉर्क शहरांतील एका भाड्याच्या बिऱ्हाडांत रिकी रिकार्डो नांवाचा क्यूबा बेटांतून आलेला वादक आपल्या पत्नीसह राहतो. पत्नी लूसी हिला रंगभूमीवर चमकण्याची अनिवार हौस. नवऱ्याची इच्छा तिनें घर सांभाळावें अशी. घरमालक फ्रेड मर्ट्झ आणि त्याची बायको एथेल हे शेजारीं राहतात आणि प्रत्येक फजितींत वांटेकरी होतात. लूसीची भूमिका लूसिल बॉल या नटीनें केली आणि रिकीची भूमिका तिचा खरा पति देसी अर्नाझ यानें. देसीचे वडील क्यूबांतील सांत्यागो शहराचे नगराध्यक्ष होते. १९३३ च्या क्रांतींत कुटुंबाची वाताहत झाली आणि हा मुलगा अमेरिकेंत आश्रयास आला. १९४० सालीं आरकेओ या चित्रपटसंस्थेच्या एका बोलपटाच्या निमित्तानें दोघांची गांठ पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा विवाह झाला.

आपण नभोवाणीचे श्रोते आहांत, तेव्हां हेंही सांगितलें पाहिजे कीं, या मालिकेचें माहेर नभोवाणीच आहे. १९४८ पासून लूसिल बॉल ‘माय फेव्हरिट हजबंड’ या श्राव्य मालिकेंत एका विनोदी गृहिणीची भूमिका करीत असे. जेस ऑपेनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल हे तिचे लेखक. ही मालिका दूरचित्रवाणीवर आणावी, असें सीबीएसच्या मनांत आलें, तेव्हां नवऱ्याची भूमिका माझ्या नवऱ्यानेंच केली पाहिजे, अशी अट लूसिलनें घातली. गोऱ्या अमेरिकन बाईचा नवरा म्हणून परक्या उच्चाराचा क्यूबन मनुष्य लोकांना रुचेल काय, अशी अधिकाऱ्यांना भीति होती. १९५० सालीं या जोडप्यानें गांवोगांवच्या रंगमंचांवर एकत्र खेळ करून ती भीति व्यर्थ असल्याचें दाखवून दिलें.

पुढें खरा तंटा उद्भवला तो स्थळाविषयीं. त्या काळीं दूरचित्रवाणीचे बहुतेक खेळ न्यूयॉर्कमध्यें होत आणि होत असतांनाच प्रक्षेपित केले जात. पश्चिम किनाऱ्यावरील घड्याळ तीन तास मागें. तेथील लोकांसाठीं पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचेंच पुन्हा चित्रण करून त्याची प्रत पाठवीत. या प्रतीस किनेस्कोप म्हणत. मूळ चित्र ताजें व स्पष्ट असे, तर किनेस्कोप धूसर व फिकट. बहुसंख्य प्रेक्षक पूर्वेकडील असल्यामुळें जाहिरातदार फिलिप मॉरिस ही सिगारेटची कंपनी न्यूयॉर्कसाठीं अडून बसली. लूसिल व देसी यांना हॉलिवूड सोडावयाचें नव्हतें; त्यांची पहिली मुलगी जुलै १९५१ मध्यें नुकतीच जन्मली होती.

तेव्हां देसीनें तोड सुचविली. खेळ हॉलिवूडमध्यें करावा, पण तो चित्रपटाप्रमाणें ३५ मिलिमीटर फिल्मवर घ्यावा, म्हणजे पूर्वेस आणि पश्चिमेस सारखेंच स्वच्छ चित्र दिसेल. यास खर्च अधिक येणार होता. त्याचा कांहीं भार उचलण्यासाठीं या दांपत्यानें आपल्या वेतनांतून आठवड्यास १,००० डॉलर कमी घेण्याचें कबूल केलें. परंतु त्याच्या मोबदल्यांत या फिल्मांची मालकी आमच्या देसिलू या संस्थेची राहील, असें लिहून घेतलें. एकदां दाखविलेला खेळ पुन्हा पाहावयास कोण बसणार, अशीच त्या वेळची समजूत होती. जी वस्तु निरुपयोगी वाटत होती, तिची मालकी देण्यांत संस्थेला फारसें कांहीं गमावल्यासारखें वाटलें नाहीं.

फिल्म घ्यावयाची, पण प्रेक्षकांच्या हशावांचून विनोद फिका पडतो, हा दुसरा पेंच होता. लूसिलला समोर माणसें लागत. म्हणून चित्रणशाळेंतच सुमारें ३०० लोकांसाठीं बांकांच्या चढत्या रांगा मांडण्यांत आल्या आणि नाटकाप्रमाणें खेळ सलग होऊं लागला. तीन कॅमेरे एकाच वेळीं तो टिपीत. छायाचित्रणाचें काम कार्ल फ्रॉइंड यांजकडे होतें. जर्मनींतील ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा मूकपट ज्यांनीं चित्रित केला, त्यांपैकीं हे एक. एरवीं प्रत्येक कोनासाठीं दिवे हलवावे लागतात. येथें तिन्ही कॅमेऱ्यांना एकदमच उजेड पुरला पाहिजे. फ्रॉइंड यांनीं दिवे वर टांगून सर्व रंगमंचावर सारखा प्रकाश पाडण्याची युक्ति काढली. तीन कॅमेऱ्यांनीं प्रेक्षकांसमोर खेळ चित्रित करण्याची ही पद्धति विनोदी मालिकांत पुढें रूढ झाली.

आतां शेवटच्या पर्वाकडे वळूं. तें १ ऑक्टोबर १९५६ रोजीं सुरू झालें आणि त्याचे २७ भाग झाले. पांच वर्षांत पुष्कळ कांहीं बदललें होतें. जेस ऑपेनहायमर पांचव्या पर्वानंतर निघून गेले होते. कथेंतील रिकी आतां दुसऱ्याच्या उपाहारगृहांत वाजविणारा नोकर राहिला नव्हता; तो स्वतःच्या क्लबाचा मालक झाला होता. त्याचा मुलगा धाकटा रिकी ढोल वाजवूं लागला होता. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारा जॉर्ज रीव्ह्ज मुलाच्या वाढदिवसाच्या निमित्तानें जानेवारी १९५७ मधील एका भागांत येऊन गेला. पुढें हें कुटुंब न्यूयॉर्कची खोली सोडून कनेटिकट संस्थानांतील वेस्टपोर्ट येथें स्वतंत्र घरांत राहावयास जातें, आणि मर्ट्झ पतिपत्नीही त्यांच्या पाठोपाठ जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधि अमेरिकन कुटुंबांनीं शहर सोडून उपनगरांत घरें केलीं. त्या स्थलांतराची ही हसरी नोंदच होय.

याच पर्वांत रिकार्डो कुटुंब क्यूबास जाऊन रिकीच्या आप्तांना भेटतें. हवानाचा तो देखावा हॉलिवूडच्या चित्रणशाळेंत उभारलेला होता. हा भाग ३ डिसेंबर १९५६ रोजीं प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशीं, २ डिसेंबरला, फिडेल कॅस्ट्रो आपल्या मूठभर साथीदारांसह ‘ग्रानमा’ नांवाच्या बोटींतून क्यूबाच्या किनाऱ्यास लागला होता. दोन वर्षांनीं बेटावरील सत्ता पालटली आणि अमेरिकन कुटुंबानें हसत खेळत सासरीं जावें अशी ती हवाना पुन्हा राहिली नाहीं. मालिका करणारांना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. ज्याला स्वतःच्या बाळपणीं एका क्रांतीनें देशोधडीस लाविलें, तो नट कागदी हवानांत आप्तांना मिठ्या मारीत आहे, आणि त्याच सुमारास खऱ्या क्यूबांत दुसऱ्या क्रांतीचें पाऊल पडत आहे! तारीख जवळ ठेवून तो भाग पाहिला म्हणजे त्याच्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहवत नाहीं.

वेस्टपोर्टला गेल्यावर लूसी कोंबड्या पाळते. कोंबड्या अंडीं देईनात म्हणून बाजारांतून विकत आणलेलीं अंडीं नवऱ्याच्या नकळत खुराड्यांत ठेवण्यासाठीं ती आपल्या पोलक्यांत लपविते. आणि नेमका त्याच वेळीं नवरा शाळेच्या समारंभांतील टँगो नृत्याची तालीम करूं म्हणून तिला ओढतो. अंडीं फुटतात. त्या क्षणीं समोर बसलेले प्रेक्षक जे हसूं लागले ते ६५ सेकंदपर्यंत हसत राहिले. साऱ्या मालिकेंतील हा सर्वांत लांबलेला हशा म्हणून सांगतात, आणि प्रक्षेपणासाठीं तो कापून आंखूड करावा लागला. ११ मार्च १९५७ रोजीं हा भाग लोकांनीं पाहिला. त्या रात्रीं चित्रणशाळेंत बसलेल्या सामान्य माणसांचा आवाज आपण आज ऐकतों. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, पण त्यांचें हसणें टिकलें आहे.

६ मे १९५७ च्या अखेरच्या भागांत गांवांतील एका स्वातंत्र्यसैनिकाच्या पुतळ्याचें अनावरण व्हावयाचें असतें. लूसीच्या हातून पुतळा फुटतो आणि ती स्वतःच पुतळ्याचा वेष करून चौथऱ्यावर उभी राहते. भोंवतालच्या गर्दींत तिचीं खरीं दोन मुलें, लूसी व धाकटा देसी, दिसतात. निरोपाचें भाषण नाहीं, अश्रु नाहींत. त्या वर्षीं नील्सेन कंपनीच्या मोजणींत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. सहा पर्वांपैकीं चार वेळां तिनें हें स्थान मिळविलें. शिखरावर असतांनाच तिनें थांबावें, असें देसीस वाटलें, कारण आठवड्यास एक भाग उभा करण्याचा ताण त्यास असह्य झाला होता.

मालिका संपण्याच्या सुमारास फिल्मांच्या मालकीचें फळ हातीं आलें. निरुपयोगी समजून सोडून दिलेल्या त्या फिल्मा सीबीएसनेंच ४० लाखांहून अधिक डॉलर देऊन परत विकत घेतल्या. तोंपर्यंत पुनःप्रक्षेपणाचें मोल सर्वांस कळून चुकलें होतें. १९५७ च्या अखेरीस या दांपत्यानें आरकेओ संस्थेच्या चित्रणशाळा ६० लाखांहून अधिक डॉलरना विकत घेतल्या. जेथें सतरा वर्षांपूर्वीं पगारी नट म्हणून दोघें भेटलीं होतीं, त्या आवाराचीं तीं मालक झालीं. आठवड्याच्या हजार डॉलरांची ती झीज अशा रीतीनें भरून आली.

तथापि डीव्हीडीच्या मालेंत सहाव्या पर्वाबरोबर सारें संपत नाहीं. १९५७ च्या नोव्हेंबरपासून त्याच चार पात्रांचे एक एक तासाचे १३ भाग अधून मधून होत गेले. २००७ सालीं ते सातवें, आठवें व नववें पर्व म्हणून ‘अखेरचीं पर्वें’ या नांवानें विक्रीस आले. त्यांतील शेवटचा भाग देसीनें स्वतः दिग्दर्शित केला आणि त्याचें चित्रण २ मार्च १९६० रोजीं, त्याच्या ४३ व्या वाढदिवशीं, पुरें झालें. त्या दिवसांत पतिपत्नी एकमेकांशीं सरळ बोलतही नसत. कथेच्या अखेरीस मात्र नेहमींप्रमाणें समेट आणि चुंबन होतें. दुसऱ्याच दिवशीं लूसिलनें घटस्फोटाचा अर्ज न्यायालयांत दाखल केला. १ एप्रिलला तो भाग प्रक्षेपित झाला तेव्हां घरोघरच्या प्रेक्षकांस वस्तुस्थिति वर्तमानपत्रांवरून ठाऊक झाली होती.

येथें इतिहास शिकणारानें एक सावधगिरी बाळगावी. फिल्म जें दाखविते तें चित्रणशाळेंत खरोखर घडलेलें असतें. प्रेक्षकांचें हसणें खरें, नटांचें कसबही खरें. पण त्या चार भिंतींआडचा संसार कसा होता, हें त्या हास्यावरून सांगतां येत नाहीं. दरबारी बखरकाराच्या लेखणीस जें दिसलें नाहीं तें आपण इतर कागदांत शोधतों. तोच न्याय येथेंही लावावा लागतो.

आतां त्या शेवटच्या भागांतील पाहुण्यांकडे पाहूं, कारण आपल्या मूळ प्रश्नाची दुसरी बाजू त्यांच्यापाशीं आहे. पाहुणे होते अर्नी कोव्हॅक्स हे विनोदी नट आणि त्यांची गायिका पत्नी ईडी ॲडम्स. कोव्हॅक्स दूरचित्रवाणीच्या यंत्राकडूनच चमत्कार करवून घेणारे मोठे कल्पक कलावंत. परंतु त्यांचें काम प्रत्यक्ष प्रक्षेपणांत आणि पुढें चुंबकीय फितींवर झालें. फीत महाग, आणि ती पुसून पुन्हा वापरतां येई. हाच तिचा गुण आणि हाच कलेचा घात. जानेवारी १९६२ मध्यें मोटारीच्या अपघातांत कोव्हॅक्स वारले. मागें डोक्यावर करांचें मोठें कर्ज राहिलें. संस्था त्यांच्या फिती पुसून वापरीत आहेत, हें कळतांच ईडी ॲडम्स यांनीं ज्या मिळाल्या त्या पदरच्या पैशानें विकत घेऊन जपून ठेवल्या, आणि कामें करून कर्जही फेडलें. कोव्हॅक्स यांचें जें काम आज पाहावयास मिळतें, तें पुष्कळसें या बाईंच्या जिद्दीमुळें.

१९९६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें दूरचित्रवाणीच्या जतनाविषयीं साक्षी घेतल्या, तेव्हां ईडी ॲडम्स यांनीं ड्यूमाँट या संस्थेच्या संग्रहाची हकीकत सांगितली. ड्यूमाँटचें जाळें १९४६ पासून १९५६ पर्यंत चाललें. त्याच्या कार्यक्रमांच्या प्रती पुढें दुसऱ्या मालकांच्या हातीं आल्या. त्या कोणीं सांभाळाव्या याविषयीं वाद झाला. आणि १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत त्या तीन मोटारट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या उपसागरांत बुडविण्यांत आल्या, अशी त्यांची साक्ष आहे. एका सबंध जाळ्याच्या दहा वर्षांच्या कामांतून आज थोडेसेच नमुने उरले आहेत. त्यांत लूसीच्या तोडीचें कांहीं नव्हतें, असें कोणी कशाच्या आधारावर म्हणावें? जें पाहिलेंच नाहीं त्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्यास नाहीं. १९५० च्या सुमारचा अमेरिकन विनोद म्हणजे लूसी, असें आज सहज म्हटलें जातें. त्यांत लूसीचा गौरव आहे तसा फिल्मचाही वांटा आहे.

लूसीच्या स्वतःच्या दप्तरांतही या न्यायाचा पडताळा मिळतो. मार्च १९५१ मध्यें जाहिरातदारांस दाखविण्यासाठीं जो नमुन्याचा प्रयोग केला, तो फिल्मवर घेतला नव्हता. त्याचा केवळ किनेस्कोप होता. तो हरवला, आणि जवळ जवळ चाळीस वर्षांनीं, त्यांत काम केलेल्या पेपितो नांवाच्या विदूषकाच्या विधवेच्या घरीं सांपडला. शेवटच्या पर्वांतील २४ डिसेंबर १९५६ चा नाताळचा भागही नेहमींच्या पुनःप्रक्षेपणांतून वगळला गेल्यानें विसरला होता. तो १९८९ सालीं सीबीएसच्या कोठारांत मिळाला आणि त्याच डिसेंबरांत दाखविला गेला. लूसिल बॉल त्या वर्षीं २६ एप्रिलला निवर्तल्या होत्या. आतां तो सहाव्या पर्वाच्या संचांत आपल्या जागीं बसला आहे.

घरगुती व्हिडिओनें येथें जें केलें त्यास मी संपादनाचें काम म्हणेन. अनेक वर्षें स्थानिक केंद्रें जाहिरातींसाठीं वेळ काढावा म्हणून प्रत्येक भागाला कात्री लावीत. मालिकेच्या आरंभीं येणारें रेशमी वस्त्रावरील हृदयाचें चित्र आपणांस मूळचें वाटतें. तें पुनःप्रक्षेपणासाठीं मागाहून केलेलें आहे. मुळांत जाहिरातदाराच्या मालाशीं खेळणाऱ्या व्यंगचित्रांच्या बाहुल्या आरंभीं नाचत. डीव्हीडीच्या संचांतून कापलेले तुकडे भरून निघाले आणि त्या मूळ आरंभांपैकींही कांहीं पाहावयास मिळाले. पोथीचे क्षेपक काढून व गळालेल्या ओंव्या भरून शुद्ध प्रत सिद्ध करणें, याहून हें निराळें तें काय?

आज डीव्हीडीचाही काळ सरत चालला आहे. आतां चित्रें तारांवरून घरांत येतात, आणि वर्गणीदाराच्या हातीं कांहींच राहत नाहीं. पुरविणारानें कार्यक्रम काढून घेतला कीं तो गेला. सोय मोठी आहे, ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण १९५१ सालीं देसी अर्नाझ यानें जो प्रश्न विचारला होता, कीं चित्र पाहून झाल्यावर तें राहील कोणाच्या मालकीचें, तोच प्रश्न आतां प्रत्येक गृहस्थापुढें आला आहे. ज्यांच्या घरीं जुन्या कॅसेटी, तबकड्या, आजीच्या आवाजाचीं मुद्रणें पडलीं असतील, त्यांनीं ती अडगळ बाहेर टाकण्यापूर्वीं एकदां लावून पाहावी, तिच्यावर नांव व तारीख घालावी आणि एक जास्तीची प्रत करून ठेवावी. खर्च थोडा आहे, आणि तो वेळेवर केला पाहिजे. फीत पुसली गेल्यावर कितीही पैसे ओतले तरी ती परत येत नाहीं.